आगीविना उकळणारं भांडं

अमेरिकेच्या पूर्वेकडच्या अ‍ॅपलाचियन डोंगररांगांतल्या जुन्या चोरट्या भट्ट्यांची छायाचित्रं पाहिली, तर त्यांत बहुतेक वेळा तीन भांडी ओळीनं मांडलेली दिसतात. पहिलं तांब्याचं, चुलीवर बसवलेलं. शेवटचं म्हणजे थंड पाण्याचं पिंप, ज्यात वेटोळी नळी बुडवलेली असते. ही दोन कोणालाही कळतात: एकात आंबवण उकळतं, दुसऱ्यात वाफेची धार होते. मधलं भांडं मात्र कोड्यात टाकतं. त्याच्याखाली चूल नसते आणि भोवती पाणीही नसतं. बऱ्याचदा ते साधं लाकडी पिंप असतं. भट्टी तापली की त्यातून धप्, धप् असा आवाज येऊ लागतो, आणि त्या आवाजावरूनच त्याला 'थंपर' म्हणतात.

या मधल्या भांड्याबद्दल मला फार कौतुक आहे. वीज नाही, पंप नाही, फिरणारा एकही भाग नाही, तरीही ते दुसऱ्या भट्टीचं काम करतं. शिवाय ते नीट जोडलं नाही किंवा नीट धुतलं नाही, तर त्याचे परिणाम थेट पेल्यात उतरतात. म्हणून त्याची मांडणी आणि सफाई या दोन गोष्टी समजून घेतल्या, की ऊर्ध्वपातनाचं निम्मं शास्त्र हाती लागतं.

मुळात दुसरी भट्टी लागते कशाला? धान्य, गूळ किंवा फळांचा रस आंबवला, की त्यात साधारण ८ ते १० टक्के अल्कोहोल तयार होतं. शुद्ध इथाइल अल्कोहोल ७८.४ अंश सेल्सिअसला उकळतं आणि पाणी १०० अंशांना. यावरून अनेकांचा असा समज होतो, की ७८ अंशांवर आधी सगळं अल्कोहोल उडून जाईल आणि पाणी मागे राहील. तसं होत नाही. दोन्ही एकमेकांत मिसळलेली असल्यानं मिश्रणाचा स्वतःचा उत्कलनबिंदू ठरतो. १० टक्क्यांचं आंबवण ९२-९३ अंशांच्या आसपास उकळतं. त्यातून निघणाऱ्या वाफेत अल्कोहोल आणि पाणी दोन्ही असतात, फक्त अल्कोहोलचं प्रमाण पुष्कळ वाढलेलं असतं. सुरुवातीची वाफ थंड करून मोजली, तर ती सुमारे ५० टक्के भरते. पण भांड्यातलं अल्कोहोल जसजसं संपत जातं, तसतशी धार पातळ होते, आणि पूर्ण फेरीत जमलेलं सगळं एकत्र केलं तर हाती २५ ते ३० टक्क्यांचं गढूळसर, उग्र वासाचं द्रव येतं. ते पुन्हा भट्टीत घालून दुसऱ्यांदा गाळावं लागतं. स्कॉटलंडमध्ये व्हिस्कीच्या दोन वेगवेगळ्या आकाराच्या भट्ट्या शेजारी शेजारी असतात, त्या याचसाठी.

थंपर ही दुसरी फेरी पहिलीतच उरकतो. मुख्य भांड्यातून येणारी नळी त्याच्या तळापर्यंत उतरवलेली असते आणि आत थोडं द्रव आधीच भरलेलं असतं. वाफ त्या द्रवात बुडबुड्यांनी शिरते आणि गार द्रवाचा स्पर्श होताच पाणी होऊन बसते. बुडबुडा एकाएकी मिटतो, चारी बाजूंचं द्रव त्या पोकळीत धडकतं, आणि तोच तो धप् आवाज. वाफेचं पाणी होताना ती आपल्या पोटातली उष्णता सोडते. उकळत्या पाण्यापेक्षा वाफेचा चटका जास्त भाजतो, त्याचं कारणही हेच. एक ग्रॅम पाण्याची वाफ पुन्हा पाणी होताना ५४० कॅलरी उष्णता देते. एक ग्रॅम पाणी २० अंशांवरून १०० अंशांपर्यंत न्यायला फक्त ८० कॅलरी पुरतात. अल्कोहोलच्या वाफेत ही साठवण पाण्याच्या निम्म्याहूनही कमी, तरी मिश्र वाफ थंपरमधलं द्रव भराभर तापवायला पुरून उरते.

खरी खुबी यापुढे आहे. थंपरमधल्या द्रवात अल्कोहोल जास्त असतं, आणि ३०-४० टक्के अल्कोहोल असलेलं द्रव ८५ अंशांच्या आसपासच उकळू लागतं. मुख्य भांड्यातून येणारी वाफ तर नव्वदीच्या वर असते. म्हणजे पहिल्याच्या वाफेला दुसऱ्याला उकळवण्याइतकी ऊब सहज शिल्लक राहते. थंपर उकळू लागला की बुडबुडे मिटायचे थांबतात, धप् धप् मावळून नुसती खळखळ ऐकू येते, आणि वरून निघणारी वाफ ७० टक्क्यांच्या आसपास जाते. एकाच सरपणात दोनदा गाळलेली दारू.

वायू एकामागून एक भांड्यातल्या द्रवांतून नेण्याची ही कल्पना रसायनशाळेतून आली. अठराव्या शतकात पीटर वूल्फ या रसायनतज्ज्ञाच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या दोन-तीन तोंडांच्या बाटल्या वायू पाण्यात विरघळवण्यासाठी वापरल्या जात. फ्रान्समधल्या माँपेलिए इथल्या एदुआर आदाम यानं तीच रचना तांब्याच्या मोठ्या भांड्यांत उतरवली आणि १८०१ साली तिचं पेटंट घेतलं. एका फेरीत पूर्वी दोन-तीन फेऱ्यांत मिळायचा तेवढा कडक मद्यार्क मिळू लागल्यावर त्याची नक्कल सगळीकडे होऊ लागली. आदाम मात्र पेटंटचे दावे लढवता लढवता कंगाल झाला आणि १८०७ साली वारला. हेच तत्त्व आजही जमैकातल्या रमच्या कारखान्यांत राबतं. तिथे मुख्य भट्टीच्या पुढे एक नव्हे, दोन भांडी असतात. पहिल्यात आधीच्या फेरीतलं हलकं द्रव, दुसऱ्यात कडक द्रव भरतात, आणि शेवटी ८० टक्क्यांहून अधिक तीव्रतेची, दरवळणारी रम उतरते.

अ‍ॅपलाचियात थंपर रुजला त्याला वेगळी निकड होती. रानात लपूनछपून भट्टी लावणाऱ्याला अबकारी अधिकाऱ्यांची भीती असे. दुसरी फेरी म्हणजे आणखी काही तास धूर, आणखी सरपण, पकडलं जाण्याची आणखी एक संधी. जॉर्जिया राज्याच्या उत्तर भागातल्या शाळकरी मुलांनी गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून त्या डोंगरातल्या जुन्या कसबांची माहिती गोळा केली. ती १९७२ साली 'फॉक्सफायर' या नावानं पुस्तकरूपात आली. त्यात घर बांधणं, डुक्कर कापणं यांच्याच जोडीला भट्टी लावण्याचंही तपशीलवार प्रकरण आहे. चोरट्या धंद्याला लोकविद्येचा दर्जा देऊन त्याची नोंद करणं हे मला त्या मुलांचं मोठं काम वाटतं, कारण लिहून न ठेवलेलं हस्तकौशल्य एका पिढीत नाहीसं होतं.

कायद्याचं इथेच सांगायला हवं. अमेरिकेत १९७८ च्या कायद्यानं घरी बिअर करायला मोकळीक मिळाली, पण परवान्याशिवाय दारू गाळणं हा आजही केंद्रीय कायद्यानं गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली तो गुन्हाच आहे. भट्टी बाळगणंही त्यात आलं. न्यूझीलंडनं मात्र १९९६ पासून स्वतःपुरती दारू घरी गाळायला परवानगी दिली आहे, विक्रीला नाही. त्यामुळे घरगुती थंपरचा अभ्यास उघड्यावर, न घाबरता जिथे झाला अशा जागांत न्यूझीलंडचं नाव आधी घ्यावं लागतं. पुढचं वर्णन तशाच एखाद्या घराच्या परसातल्या भट्टीचं समजावं.

अशा घरी मुख्य भांडं साधारण २५ लिटरचं असतं. ते काठोकाठ भरत नाहीत. तीन चतुर्थांश भरलं तरी खूप, कारण आंबवण उकळताना फेसाळतं आणि फेस नळीत चढला तर यीस्टचा गाळ पुढे जातो. थंपर मुख्य भांड्याच्या एक तृतीयांश ते निम्म्या आकाराचा ठेवतात, म्हणजे ८ ते १२ लिटर. आत तीन-चार लिटर द्रव भरायचं: मागच्या फेरीचं शेवटचं हलकं गाळप, किंवा थोडं आंबवण. नुसतं पाणीही चालतं, पण मग सुरुवातीची वाफ ते पाणी तापवण्यात आणि तीव्र करण्यात खर्ची पडते आणि धार उशिरा, पातळ येते. चार लिटर गार द्रव उकळीला आणताना पाऊण ते एक लिटर द्रवाइतकी वाफ आतच जिरते, शिवाय बाहेरच्या गारठ्यानं आणखी जिरत राहते. म्हणून वर मोकळी जागा ठेवावी लागते. थंपरला घोंगडी किंवा उष्णतारोधक पट्टी गुंडाळली तर पातळी आवाक्यात राहते.

आत येणारी नळी तळापासून दोन-तीन सेंटिमीटर वर संपली पाहिजे. तळाला टेकली तर वाट बंद होते, फार वर राहिली तर वाफ द्रवाला न भेटताच निघून जाते. टोक तिरकं कापतात किंवा त्याला भोकं पाडतात, म्हणजे बुडबुडे लहान होतात आणि वाफेची द्रवाशी भेट चांगली होते. बाहेर जाणारी नळी झाकणाच्या वरच्या भागातून निघते. पुढची वेटोळी नळी सतत उताराची हवी. मधे कुठे झोळ राहिला तर त्यात द्रव साचतं आणि वाट अडते. पिंपात गार पाणी खालून सोडायचं आणि गरम झालेलं वरून काढायचं, म्हणजे सगळ्यात थंड पाणी धार जिथून बाहेर पडते तिथे भेटतं.

सांधे बंद करायला जुने लोक राईच्या पिठाची कणीक लावत. तापल्यावर ती कडक होऊन सांधा बंद करते. पण आत कुठे वाट तुंबून दाब वाढला, तर सगळ्यात आधी तीच फुटते आणि भांडं वाचतं. गावठी वाटणारा हा उपाय अत्यंत शहाणपणाचा आहे. रबरी वायसर, पीव्हीसी नळी, साधं प्लास्टिक यांना मात्र या मार्गात अजिबात थारा नको, कारण गरम मद्यार्काची वाफ त्यांतली द्रव्यं विरघळवून सोबत नेते. संपूर्ण वाटेवर कुठेही बंद करता येणारी तोटी नसावी. चुलीपासून धारेपर्यंतचा रस्ता हवेला उघडा असलाच पाहिजे.

मांडणीतला सगळ्यात दुर्लक्षित भाग आग बंद केल्यानंतरचा आहे. मुख्य भांडं गार होऊ लागलं की आतली वाफ पाणी होते, आणि एक लिटर पाण्याची वाफ सुमारे १७०० लिटर जागा व्यापते. ती सगळी जागा रिकामी होते, बाहेरची हवा दाब देते आणि थंपरमधलं द्रव उलट्या वाटेनं मुख्य भांड्यात ओढलं जातं. सगळ्या मेहनतीचं मातेरं. भांड्याचा पत्रा पातळ असेल तर तो आत चेपतो. म्हणून विस्तव पूर्ण विझल्याची खात्री करून मुख्य भांड्याला हवेची वाट करून द्यायची, कुठलीही नळी सोडवण्याआधी. विस्तव विझवण्याचा आग्रह उगाच नाही: अल्कोहोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते, आणि हवेत तिचं प्रमाण ३.३ टक्के झालं तरी पेट घेते. धार जमवायचं भांडंही याच कारणानं अरुंद तोंडाचं, काचेचं किंवा स्टीलचं, आणि चुलीपासून लांब ठेवतात.

आता सफाई. तांबं इथे केवळ उष्णता चांगली वाहून नेतं म्हणून वापरत नाहीत. आंबवणात यीस्ट गंधकाची संयुगं सोडतं, त्यांना सडक्या अंड्यांसारखा वास असतो, आणि तांबं त्यांना धरून ठेवतं. वाफ शुद्ध करताना तांबं स्वतः काळं पडतं, झिजतं. तो काळा थर काढला नाही तर पुढच्या खेपेला गंधक धरायला उघडं तांबं उरत नाही. आपल्याकडे तांब्या-पितळेच्या भांड्याला कल्हई करतात, ती आंबट पदार्थ कळकू नये म्हणून. भट्टीच्या तांब्याला आतून कल्हई करून चालणार नाही, कारण इथे तांब्याचा वाफेशी थेट संबंध हवा असतो. मग आंबटपणामुळे उतरणारं तांबं धुऊन काढण्याची जबाबदारी आपल्यावर येते.

नवी भट्टी आली की आधी गरम पाण्यानं आणि सौम्य साबणानं घासून धुवायची. पत्रा घडवताना लागलेलं तेल आणि डाख देताना वापरलेली पेस्ट आत चिकटलेली असते. मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मे निम्मे घेऊन पूर्ण वाट भरून वाफ चालवायची, थंपरसकट. त्यानंतर साध्या पाण्याची एक फेरी. शेवटी एक फेरी हलक्या आंबवणाची किंवा जुन्या कच्च्या गाळपाची, जिचा थेंबही प्यायचा नाही. ती सगळी ओतून द्यायची. अल्कोहोलमध्ये विरघळणारी घाण पाण्यानं निघत नाही, ती याच फेरीत सुटते. काटकसरी माणसाचा जीव या ओतून देण्यापाशी अडतो, पण इथे काटकसर करू नये.

नेहमीच्या वापरात भांडी कोमट असतानाच रिकामी करावीत. रात्रभर ठेवलेलं उरलेलं आंबवण तळाला घट्ट बसतं, आणि त्याचा करपट वास पुढच्या फेरीत येतो. थंपरची सफाई सगळ्यांत कमी होते, कारण त्याखाली चूल नाही, करपत नाही, म्हणून तो स्वच्छच असेल असं वाटतं. वास्तविक मुख्य भांड्यातून उडालेला फेस, जड तेलकट अल्कोहोल, स्निग्ध आम्लं हे सगळं अडून बसतं ते तिथेच. आत उतरणाऱ्या नळीच्या टोकाची भोकं लांब दांड्याच्या ब्रशनं मोकळी करावीत, तळ हातानं चाचपून बघावा. काळपट थरासाठी लिटरभर गरम पाण्यात एक-दोन मोठे चमचे लिंबूसत्त्व पुरतं. देवाची तांब्याची भांडी चिंचेनं किंवा लिंबू-मिठानं घासल्यावर जी गुलाबी झाक येते, तीच आत दिसली की थांबायचं. बाहेरून आरशासारखं लखलखीत करणं फक्त नजरेसाठी. मग सगळं खळखळून, उलटं ठेवून, झाकणं उघडी टाकून पूर्ण कोरडं करायचं, कारण ओल राहिली की हिरवट थर चढतो आणि तो पुढच्या धारेबरोबर उतरतो.

धार निळसर दिसली तर ती फेकूनच द्यावी. आंबवणात अमोनिया देणारी द्रव्यं असली की अमोनिया तांबं विरघळवतो आणि निळा रंग येतो. आपल्याकडच्या हातभट्टीवाल्यांचा नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. त्यातूनही अमोनिया सुटू शकतो.

लाकडी थंपर चवीला चांगला म्हणतात, पण लाकूड जे शोषतं ते पुरतं सोडत नाही, त्यामुळे मी तरी स्टील किंवा तांबं निवडेन. सगळ्यांत घातक मात्र शिसं. मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत १७२३ सालीच रम गाळण्याच्या भट्टीचं डोकं आणि वेटोळी नळी शिशाची करायला कायद्यानं मनाई झाली होती, कारण ती रम पिणाऱ्यांना पोटात असह्य कळा येत आणि हातपाय लुळे पडत. तरी विसाव्या शतकात अमेरिकेच्या दक्षिणेत मोटारीचे जुने रेडिएटर वाफ थंड करायला वापरले जात. रेडिएटरचे सांधे शिशाच्या डाखाचे असतात. १९९०-९१ मध्येही अलाबामा राज्यात अशा दारूमुळे शिशाची विषबाधा झालेले रुग्ण आढळले. कितीही धुतलं तरी शिशाचा डाख शिशाचाच राहतो. म्हणून सांधा जोडताना शिसेमुक्त डाखच हवा. धुण्याचा विचार त्यानंतर.

मिथेनॉलबद्दलही एक गैरसमज पक्का बसला आहे: पहिली धार ओतून दिली की सगळं विष गेलं. मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळतं हे खरं, पण पाण्या-अल्कोहोलच्या मिश्रणात ते पूर्ण फेरीभर थोडं थोडं येत राहतं. पहिल्या धारेत घसा जाळणारी इतर द्रव्यं जास्त असतात, म्हणून ती टाकतात, आणि टाकावीच. धान्य किंवा गुळाच्या आंबवणात मिथेनॉल मुळातच नगण्य असतं. फळांत पेक्टिनमुळे थोडं अधिक. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला शंभराहून अधिक माणसं दगावली, ती कारखान्यासाठीचं मिथेनॉल दारू म्हणून विकलं गेल्यानं. ते कुठल्याही भट्टीनं किंवा कितीही सफाईनं निघालं नसतं.

गोव्यात परवान्यावर चालणाऱ्या काजूच्या भाट्यांत थंपरची पद्धत नाही, पण त्याचं काम तिथे वेगळ्या रीतीनं करून घेतात. काजूच्या बोंडांचा आंबवलेला रस, म्हणजे निरो, भाणात, म्हणजे भट्टीच्या भांड्यात, उकळून पहिल्या फेरीत उर्राक निघतो, साधारण १५ टक्क्यांचा. तो उन्हाळ्यात तसाच पितात. फेणीसाठी हाच उर्राक ताज्या निऱ्यात मिसळून पुन्हा भाणात चढवतात, आणि मग ४२ ते ४५ टक्क्यांची फेणी उतरते. २००९ साली काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं. उर्राकात ताजा निरो घालायचा आणि थंपरमध्ये मागच्या फेरीचं हलकं गाळप भरायचं, या दोन्ही रीतींत एका फेरीचा माल दुसऱ्या फेरीच्या पोटात जातो. त्यामुळे चव घट्ट होत जाते, आणि भांड्यात राहून गेलेला गाळ, हिरवा थर, करपट वास हेही तितक्याच निष्ठेनं पुढच्या फेरीत शिरतात. न्यूझीलंडमधला जाणकार शेवटचं हलकं गाळप पुढच्या थंपरसाठी बाटलीत भरण्याआधी नाकाला लावून बघतो, आणि जराही आंबूस किंवा धातूचा वास आला तर ते साठवत नाही.